बारा लाखांची एकच बोली

परक्या देशातल्या कोर्टाने दिलेला पैशाचा निकाल हा आपल्याच जिल्हा न्यायालयाने दिला आहे असे समजावे, हे तत्त्व फार उदात्त आहे. अटी मोजक्याच: त्या देशाशी तसा करार हवा, निकाल गुणदोषांवर झालेला हवा आणि प्रतिवादीला बाजू मांडायची संधी मिळालेली हवी. (प्रतिवादी आपल्या ओळखीचा नसावा, अशी अट नाही. कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटले असावे.)

नांदूरघाटची पंचशीला दुबईत नर्स होती. तिथला दवाखाना केजच्या विजयसिंहांचा. त्यांनी तिला अकरा महिने पगार दिला नाही, मग दवाखान्याला कुलूप लावून ते समाजसेवेसाठी मायदेशी परतले. पंचशीला तिथल्या कोर्टात गेली. साठ हजार पाचशे दिरहम, म्हणजे सुमारे चौदा लाखांचा निकाल घेऊन ती बीडला आली.

"अरबी कोर्टाचं आमी कावून ऐकायचं?" विजयसिंहांनी विचारले. प्रश्न राष्ट्रप्रेमाचा होता. परंतु त्याच कोर्टात त्यांनी वकील देऊन चार तारखा लढवल्या होत्या, हे कागदावर निघाले. न्यायाधीशांनी शिक्क्याची प्रत पाहिली आणि वसुलीचा हुकूम दिला.

मग मालमत्तेचा शोध झाला. बंगला आईच्या नावे, ट्रॅक्टर मेहुण्याचा, जमीन सात वर्षांच्या पुतण्याची. (इतका निरिच्छ माणूस तालुक्यात दुसरा नाही.) स्वतःच्या नावावर फक्त पांढरी गाडी सापडली. नंबर आवडीचा होता, तो दुसऱ्याच्या नावे घेववला नाही.

लिलावाला दीडशे माणसे जमली. चहा झाले : एकशे नव्वद. बोली : शून्य. जुन्या गाड्यांचा धंदा करणारे राधाकिशन बॉनेटवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "लई भारी गाडी हाय. पण आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

बेलिफाने दोनदा पुकारा केला. तिसऱ्याच्या आत पंचशीला उठली. स्वतः बोली लावायची कोर्टाची परवानगी तिने आधीच काढली होती. "बारा लाख," ती म्हणाली. "माझ्या येण्यातून वळते करा." आकडा स्पष्ट ऐकू आला.

यथावकाश लिलाव कायम झाला आणि किल्ली मिळाली. तिचे वडील ज्ञानोबा सवयीने मागचे दार उघडू लागले.

"आबा, पुढं बसा."

"माती लागंल गं."

"लागू द्या."

ज्ञानोबांनी तरीही पाय झटकले, मगच बसले. गाडी भर बाजारातून गेली.

आठवड्याने गावचे वडीलधारे सुंदरराव पाच प्रतिष्ठितांसह घरी आले. "पोरी, निकाल बरोबर हाय, आमचं काईच म्हणणं न्हाई. पण येवढ्या मोठ्या मान्साची गाडी?"

"चौदा लाख आणा, काका. गाडी घिऊन जा."

सुंदररावांनी पाणी पिऊन निरोप घेतला.

उरलेल्या दोन लाखांसाठी अर्ज चालू आहे. तिला गाडी विकायची आहे, गिऱ्हाईक मिळत नाही. विजयसिंह मेहुण्याच्या गाडीतून फिरतात आणि लोक त्यांच्याकडे पाहून हळहळतात.

आपण सुशिक्षित वाचक आहात. पंचशीलेचा हक्क आपल्याला पहिल्या परिच्छेदापासून मान्य आहे. फक्त ती गाडी तिने बाजारातून न्यायला नको होती, असे आपल्यालाही जरासे वाटून गेले, ते कुठल्या कलमाखाली?