गाठोड्याचं वजन

काकासाहेब ढाकण्यांनी दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने कापली, तेव्हा रंगुबाईंना पहिल्यांदा नवऱ्याची काळजी वाटली.

"अहो, चांगला धड ब्रश कशाला मोडताय?"

"दांडीने दात घासतो का आपण?" काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, सहा ग्रॅम कमी.

काकासाहेब भिंगारला लष्करी कोठारात कारकून होते. दर मे महिन्यात ऑफिसातली आठ माणसं निवृत्त सुभेदार श्रीमंतरावांच्या मागे अकोले तालुक्यातल्या डोंगरात बारा दिवस चालायला जात. मागच्या वर्षी, म्हणजे सत्तर साली, काकासाहेब बावीस किलोची पिशवी पाठीवर घेऊन निघाले आणि कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावातच त्यांचा गुडघा सुजला. बाकीचे दिवस त्यांनी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर काढले. तेव्हापासून ऑफिसात कोणीही फाइल मागायला आला की आधी गुडघ्याची चौकशी करी. यंदा सुभेदारांनी अटच घातली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगणात हुकाच्या काट्यावर वजन होणार. दहा किलोच्या वर गेला तो घरी. काकासाहेब सेहेचाळीस वर्षांचे होते. यंदा कळसूबाई राहिली तर पुढच्या वर्षीच्या गुडघ्याचा त्यांना भरवसा नव्हता.

त्यामुळे तीन आठवडे त्यांच्या घरात कापाकापी चालली होती. कंगवा अर्धा झाला, टॉवेल अर्धा झाला, साबणाची वडी सुपारीएवढी झाली. पण वजन हटेना. जाड गोधडी काढली तर थंडी वाजेल म्हणून स्वेटर आला. स्वेटरने भागलं नाही तर चहा हवा म्हणून स्टोव्ह आला. स्टोव्हमागून रॉकेलची बाटली आली, आणि रॉकेल सांडलं तर काय, म्हणून कपड्यांचा जादा जोड आला. चौदा किलोंवरून सुरू झालेली पिशवी काटकसर करकरून साडेसोळावर गेली होती.

वजनाच्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. रंगुबाईंची मावसबहीण कडूबाई, तिचा नवरा भिमाजी आणि तीन पोरं ऊसतोडीचा हंगाम संपवून पाथर्डीकडे घरी चालली होती. सहा महिन्यांचा संसार त्या एका गाडीत होता, झोपडीच्या बांबूंसकट. रंगुबाईंचा चहा उकळेपर्यंत कडूबाईने लिंबाखाली तीन दगड मांडून भाकरी थापायला घेतली होती. कुठलीही वस्तू शोधायला तिला दोनदा हात घालावा लागत नव्हता. कोठारात अठरा वर्षं काढलेला माणूस ते बघत उभा राहिला यात नवल नाही.

भाकरी झाल्यावर तिचं लक्ष ओसरीवरच्या पसाऱ्याकडे गेलं.

"दाजी, बिऱ्हाड हलवताय व्हय?"

"नाही हो. बारा दिवस डोंगरात चाललोय."

"बारा दिस? मला वाटलं बारा वरसं." ती पसाऱ्यापाशी बसली. "ह्यो आरसा कशाला?"

"दाढीला."

"डोंगरात सोयरीक जमवायची हाय का? आन् ह्यो कंदील?"

"अंधार पडल्यावर लागेल की."

"अंधार पडल्यावं झोपायचं आसतंय. इस्टू कशाला? तिकडं काटक्या मिळत न्हाईत व्हय?"

स्टोव्ह गेला, त्याच्याबरोबर रॉकेल गेलं आणि रॉकेल सांडायची भीती गेल्यामुळे कपड्यांचा जादा जोडही गेला. काकासाहेब प्रत्येक वस्तूची बाजू मांडत होते आणि हरत होते. शेवटी एक गोधडी, एक जोड कपडे, दशम्या, चटणी, तांब्या, काडेपेटी आणि चाकू एवढंच उरलं. मग कडूबाईने रिकामी कॅनव्हासची पिशवी एका हाताने उचलली.

"आन् हिचं वजन कोन धरनार?"

काकासाहेबांनी पिशवी तराजूत टाकली. नुसती पिशवी साडेतीन किलो भरली. तीन आठवडे ते ग्रॅम कापत बसले होते आणि जिच्यात भरायचं तिला काही त्यांनी तोललं नव्हतं. कडूबाईने सगळं गोधडीत गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि खांद्यात अडकवायला दोन फास काढून दिले.

चार वाजता सुभेदारांच्या अंगणात वजनं झाली. कोणी साडेनऊ, कोणी दहा. गोरक्षनाथ पावशेर जास्त भरला, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर चार लाडू खाऊन पिशवी अटीत बसवली. मग काकासाहेबांचं गाठोडं हुकाला लागलं. साडेचार. सुभेदारांनी काटा बिघडला असेल म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या. तरी साडेचारच.

"बघा," सुभेदार म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. आयुष्यात असं गाठोडं मी पाहिलं नाही."

काकासाहेबांची छाती फुगली. गुडघासुद्धा हलका वाटायला लागला.

"म्हणजे दहाला साडेपाच कमी," सुभेदार पुढे म्हणाले. "मग मोठं पातेलं आणि सगळ्यांचे तांदूळ तुमच्याकडे. सगळ्यांना सारखं ओझं, काय?"

बाकी सात जणांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

काकासाहेब पातेलं आणि तांदूळ घेऊन घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि गाडी भरणं चाललं होतं. सगळी हकीकत ऐकून कडूबाई तोंडाला पदर लावून हसली.

"दाजी, वजन कमी करावं, दावू न्हाई. माजं तेवढं गाठुडं वर द्या बरं."

गाठोडं गाडीच्या चाकाएवढं होतं. काकासाहेबांनी गुडघ्याला मनातल्या मनात नमस्कार केला, पाय रोवले आणि सगळा जोर लावला. गाठोडं त्यांच्या डोक्यावरून उडून बैलाच्या पाठीवर आदळता आदळता राहिलं. आत चार लुगडी आणि बाकी सगळं उसाचं वाळलेलं पाचट होतं.

"मुकादम टोळीत वझी वाटाय लागला की आदी बारकं गाठुडं हुडकतो," कडूबाई म्हणाली. "माजं बघून म्हनतो, हिला नगं, हिची मान मोडंल. सा वरसं झाली. आन् उचलताना कन्हायचं. कन्हल्याबिगर वझं खरं वाटत न्हाई."

काकासाहेबांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती वयाने लहान होती म्हणून त्यांनी नुसते हात जोडले आणि दोन कवळे पाचट मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर त्यांचं गाठोडं सगळ्यांत उंच होतं.

"काल एवढं नव्हतं," सुभेदार म्हणाले.

"घरच्यांनी भरलं," काकासाहेब म्हणाले. कडूबाई घरचीच होती.

मग ते वाकले, दोऱ्या खांद्यात अडकवल्या आणि बेंबीच्या देठापासून असे कण्हले की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

"अहो, गुडघा सांभाळा," सुभेदार घाईने पुढे झाले. "आणा ते पातेलं इकडे. गोरक्षनाथ, तू तांदूळ घे, लाडू खातोस एवढे." काकासाहेब दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी कळसूबाईच्या माथ्यावर पहिले पोचले ते काकासाहेब. बऱ्याच वेळाने खालून पातेलं वाजल्याचा आवाज आला आणि त्यामागून सुभेदार आले.

"एवढं गाठोडं घेऊन," ते धापा टाकत म्हणाले, "चढलात कसे तुम्ही?"

काकासाहेब दगडाला टेकून आरामात वाऱ्याला बसले होते. ते आठवणीने कण्हले.