टायटॅनियमवर जमलेली गर्दी

पेशींना काय आवडतं, ते मला विचारा! चारचौघांत माझी जीभ अडखळते, पण टायटॅनियमच्या चकतीवर मी अशी बारीक छिद्रं पाडतो की त्यांच्यापुढे माणसाचा केस म्हणजे ओंडका! त्यावर हाडाच्या पेशी सतरंजीवरच्या पाहुण्यांसारख्या ऐसपैस पसरतात. निदान माझं म्हणणं तसं होतं. शुक्रवारी दातांच्या इम्प्लांट कंपनीच्या गुनिल्लाबाई ते बघायला येणार होत्या. त्या ‘हो’ म्हणाल्या, तर माझी चकती रुग्णांच्या जबड्यात. ‘नाही’ म्हणाल्या, तर चकती भंगारात आणि मी घरी.

आमच्या प्रयोगशाळेत पेशी सांभाळणारी सुन्निवा गुरुवारी सुट्टीवर होती. म्हणून चकतीवर पेशी मीच सोडल्या आणि चकतीची झाकणवाली बशी पेशींच्या उबदार कपाटात ठेवली. त्यात शुक्रवारच्या कॉफीला दालचिनीचे पाव आणायची पाळीही माझी! मागच्या खेपेला माझे पाव इतके चपटे झाले होते की लोकांनी त्यांवर कप ठेवले. गोथेनबर्गच्या गोठवणाऱ्या जानेवारीत घरी पीठ फुगतंय कुठलं! पण पेशींच्या कपाटात काय सुरेख ऊब! पातेलं आत सरकवलं. मधूनमधून पीठ दाबून बघायचो आणि त्याच हाताने बशीचं झाकणही उचलायचो.

शुक्रवारी सकाळी सूक्ष्मदर्शकात डोकावलो. काय ती गर्दी! गोल, टपोऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. काहींच्या अंगाला तर बाळं लटकलेली!

“एका रात्रीत!” मी ओरडलो. लिफ्टमध्ये खोकायलाही बिचकणारा मी!

आमचा प्रमुख तोर्ब्यॉर्न धावत आला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याला वर्षं झाली होती. “अल्गोत, लेका, इतिहास घडवलास!” त्याने लगेच फोन लावला. गुनिल्लाबाई करारच घेऊन आल्या.

कॉफीच्या टेबलावर त्यांनी पाव तोडला. “कापूस आहे नुसता! जमवलंत कसं?”

मला चेव आला. “सोपं आहे! पीठ पेशींच्या कपाटात ठेवलं.”

सुट्टीवरून परतलेल्या सुन्निवाचा कप हवेतच थांबला. “कुठल्या कपाटात?”

“आपल्याच की!”

ती उठून पळाली. मागोमाग आम्ही सगळे. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि माझ्याकडे वळली.

“हाडाच्या पेशी केव्हाच मेल्यात, अल्गोत! ही बाळंबिळं लटकलेली मंडळी म्हणजे तुझ्या पिठातलं यीस्ट आहे, यीस्ट!”

तोर्ब्यॉर्न छताकडे बघू लागला. पण माझा धीर खचला नव्हता.

“म्हणजे बघा,” मी गुनिल्लाबाईंना म्हणालो, “माझ्या चकतीवर कोणीही येऊन मुक्काम ठोकतं! बोलावलेलं नसलं तरी!”

“तेच तर!” बाईंनी करार शांतपणे पिशवीत घातला. “मग तोंडातले जंतू काय दाराबाहेर उभे राहणार आहेत?”

सध्या मी कशालाच चिकटू न देणारी चकती बनवतोय. सुरुवात झकास आहे! जंतू फिरकत नाहीत, हाडाच्या पेशी फिरकत नाहीत. कंपन्याही नाहीत.