चौथ्या नंबरचं श्रेय

पात्रता फेरीत गाडी चौथी आली आणि घरात वाद पेटला. घर म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकशेजारची पत्र्याची शेड. शर्यतीच्या दिवसांत या कुटुंबाचा मुक्काम तिथेच. सासरे टीमचे मालक, मुलगा इंजिनिअर, सून गाडी चालवणार आणि सासूबाई घडीच्या खुर्चीत बसून सगळ्यांना बळजबरीने पाणी पाजणार. बाहेरचे म्हणायचे तर एकटे फिटरमामा, आणि त्यांनाही आता कुणी बाहेरचं मानत नव्हतं.

एरवी ही गाडी कायम शेपटाला असायची. म्हणून या वेळी तिच्यात तीन सुधारणा केल्या होत्या. मुलाने मागे नवा स्पॉयलर लावला, फिटरमामांनी हलकी सीट बसवली आणि टायरमध्ये किती हवा भरायची ते सासऱ्यांनी स्वतःच्या डोक्याने ठरवलं. आता चौथा नंबर नेमका कशामुळे, यावर सगळ्यांचे चहा गार होत होते.

"स्पॉयलर," मुलगा म्हणाला. "वळणावर गाडी कशी चिकटून गेली, बघितलंत ना?"

"सीट," फिटरमामा म्हणाले. "जुनी सीट उचलून बघ एकदा. कंबर धरून बसशील."

"हवा!" सासऱ्यांनी निकाल दिला. "आणि एक सांगतो. गाडी आता एवढी झकास झालीय, तर चालवणाराही तसाच हवा. उद्याची शर्यत झाली की बाहेरचा ड्रायव्हर आणू. सूनबाईने खूप केलं, आता जरा आराम करू दे."

हेल्मेट पुसणाऱ्या सुनेचा हात थांबला. गाडी मागे राहिली तर ड्रायव्हर बदलायचा आणि पुढे आली तरी ड्रायव्हरच बदलायचा, हा कुठला न्याय? तिला रडूच येत होतं. पण सासऱ्यांपुढे 'हो बाबा' यापलीकडे बोलायची तिला सवय नव्हती.

सासूबाईंना होती. सेलवर चालणारा छोटा फॅन तोंडासमोर धरून त्या म्हणाल्या, "आधी गाडी कशामुळे पळाली ते तरी ठरवा. मग पोरीला उठवा."

झालं. दुसऱ्या दिवशी शर्यतीआधी सरावाच्या फेऱ्या होत्या. तेव्हा एकेक सुधारणा काढून बघायची असं ठरलं.

मुलाने जड मनाने स्पॉयलर उतरवला. सून चक्कर मारून आली. वेळ अगदी कालचीच. फिटरमामांच्या मिशा फुलल्या. मग त्यांची सीट काढून जुनी घातली. वेळ पुन्हा तीच, आणि मिशा खाली आल्या. शेवटी टायरमधली हवा पूर्वीइतकी केली. सासरे घड्याळाकडे डोळे लावून उभे राहिले. गाडी कालच्यापेक्षा किंचित लवकरच आली.

या सगळ्या वेळात सासऱ्यांच्या तोंडाला क्षणाची उसंत नव्हती. प्रत्येक फेरीला ते वॉकीटॉकी तोंडाशी धरून सुनेला गाडी चालवायला शिकवत. "ब्रेक! आत्ता नको! अगं, डावीकडे घे! डावीकडे म्हणजे एवढी नाही!" हे त्यांचं पहिल्या शर्यतीपासून चालत आलं होतं.

"गाडी होती तशी झाली, तरी पळतेय," मुलगा डोकं खाजवत म्हणाला. "मग राहिलं काय?"

सासऱ्यांची छाती फुगली. "राहिलं माझं मार्गदर्शन! पूर्वी मी काही बोललो की ही 'हो बाबा, हो बाबा' करत बसायची. तेवढ्यात वळण निघून जायचं. कालपासून बघा, चकार शब्द नाही. कान देऊन ऐकतेय!"

तेवढ्यात सून गाडीतून उतरून आत आली. "बाबा, एक बोलू? रागावू नका."

"बोल की."

"कालपासून मी गाडीत असताना वॉकीटॉकीवर तुम्ही एक शब्दसुद्धा बोलला नाहीत. आधी वाटलं, चिडलात. मग वाटलं, शेवटी बाबांचा आपल्यावर विश्वास बसला. त्या आनंदातच गाडी पळवली." तिने हेल्मेट काढून हातात घेतलं. "बाहेरचा ड्रायव्हर आणायचा तर आणा. पण हे दोन दिवस मी विसरणार नाही."

शेडमध्ये फक्त सासूबाईंचा फॅन गुरगुरत होता. सासऱ्यांनी वॉकीटॉकी पालथा केला आणि मागचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. त्यांनी हळूच फॅनकडे पाहिलं.

"काल उकडत होतं फार," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा आवाज तसाही पार फाटकापर्यंत जातो. म्हटलं, यांना सेल कशाला लागतात?"

मुलगा एकाएकी छताचे पत्रे निरखू लागला. फिटरमामांना कुठलासा नट ढिला असल्याचं आठवलं. सुनेने हसू लपवायला हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "म्हणजे तेच ना... म्हटलं, पोरीवर विश्वास टाकून बघावा."

"आणि तो बाहेरचा ड्रायव्हर?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण बाहेरचा? घरात एवढी चालवणारी असताना?"

दुपारी शर्यत सुरू झाली. गाड्या पहिल्या वळणावर पोचतात न पोचतात तोच सासूबाईंचा फॅन मंदावला. सासऱ्यांनी खिशातून नवे सेल काढले. मुलाने आणि फिटरमामांनी धसकून वॉकीटॉकीकडे पाहिलं.

सासऱ्यांनी बायकोच्या हातातून फॅन घेतला, त्यात नवे सेल घातले आणि तो तिला परत दिला. मग रिकामा वॉकीटॉकी तोंडाशी धरून ते जिवाच्या आकांताने ओरडले, "अगं, ब्रेक! ब्रेक!"