अंबाजीच्या गळ्यातला खडा

माणसाला काय होतंय, हे त्याच्यापेक्षा त्याच्या फोटोला जास्त कळतं, ही वैद्यकशास्त्राची मोठीच मजल म्हणायची. उरणच्या मिठागरावर राबणारा अंबाजी मात्र हे मानायला तयार नव्हता, कारण त्याची दाढ दुखत होती. (अडाणी माणूस.)

१९६४च्या फाल्गुनात तो मोरा बंदरातून लाँचने मुंबईला, दातांच्या मोठ्या दवाखान्यात गेला. तिथे नवंकोरं परदेशी यंत्र आलं होतं. यंत्राने अंबाजीच्या डोक्याभोवती फेरी मारली आणि सगळा जबडा एका लांबट फिल्मवर उतरवला. जबड्याखाली, गळ्यापाशी, कणीएवढा पांढरा ठिपका! तीन डॉक्टर, सात विद्यार्थी आणि एक शिपाई यांनी तो डोळे भरून पाहिला. "जुनी गाठ आहे, चुना धरलाय. काही अपाय नाही," मोठे डॉक्टर खुशीत म्हणाले आणि त्यांनी पुढचा रोगी बोलावला. दाढेसाठी दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

गावाने फिल्म उन्हात धरली. चुना कोणालाच पटला नाही. साठलं पाणी, वर ऊन, की पांढरा दाणा धरतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"मीठच हाय," म्हातारा गुणाजी म्हणाला. "ह्यो बोलत न्हाय, मंग गल्यातला पानी कसा हालंल?"

तेव्हापासून अंबाजीला दिवसभर बोलतं ठेवायला पाच माणसं नेमली गेली. प्रत्येक शब्दाला दाढेतून कळ मस्तकात जाई, आणि तो ओरडला की पाचही जणांना बरं वाटे.

मिठागराच्या नाक्यावरचा कारकून शिवदास कर्तव्यदक्ष होता. परवान्याशिवाय मिठाचा खडाही बाहेर न्यायचा नाही, असा नियम. अंबाजी तर रोज संध्याकाळी राजरोस नेत होता. शिवदासने त्याला आतच रोखलं आणि वर विचारणा केली: खडा कोणत्या आगराचा, जाडा की बारीक, आणि धारकासह वाहतूक करावी की धारकाविना?

उत्तराची वाट बघत अंबाजी मिठागरावर अठरा दिवस राहिला. दाढेची तारीख त्यातच गेली. बायको ठमाबाई पेज घेऊन यायची. गाल सुजून डोळा मिटत आला, तेव्हा ती रडकुंडीला आली.

"सायेब, आदी ह्यांची दाड बगा ना!"

"दाढेला परवाना लागत नाही," शिवदास सौजन्याने म्हणाला.

एकोणिसाव्या दिवशी कागद आला: 'सदर खडा चुन्याचा. वाहतुकीस हरकत नाही.' गावाने नारळ फोडला.

"माजी दाड..." अंबाजी कण्हला.

"आता कशाला बोलतंस?" गुणाजी म्हणाला. "मीठ न्हाय ना त्यो!"

वाचकांनीही खड्याची हकीकत इथपर्यंत आस्थेने वाचली, त्याबद्दल अंबाजी आभारी आहे. दाढ डावीकडची की उजवीकडची, हे मात्र त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.