शिकलगारमामांचं हवामान खातं

आमच्या पोलीस ठाण्यात रोज सकाळी हवामानाचा अंदाज सांगितला जायचा. पाऊसपाण्याचा नव्हे, मोठ्या साहेबांचा. सांगणारे होते हवालदार रशीद शिकलगार. हजेरी संपली की टेबलामागे उभं राहायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या संथ सुरात सुरुवात करायची, "आज सकाळी केबिनच्या परिसरात विजांच्या कडकडाटासह वादळाची शक्यता. दुपारच्या जेवणानंतर आकाश अंशतः ढगाळ. रजा मागणाऱ्यांनी खोल समुद्रात जाऊ नये."

एवढं बोलून चष्मा काढायचा आणि नेहमीच्या आवाजात म्हणायचं, "अंदाज आहे. खात्री पाहिजे असेल तर स्वतः आत जाऊन बघा."

कोणी जायचं नाही.

मोठे साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ निरीक्षक ढवळे. माणूस मनाने वाईट नव्हता. पण सकाळी ठाण्यात पाऊल टाकलं की कुणावर तरी ओरडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यामुळे अख्खं ठाणं मामांच्या अंदाजावर चालायचं. रजेचा अर्ज, बदलीची विनंती, फुटलेल्या काचेची कबुली, सगळं ऊन पडल्यावर.

अंदाज कसा बांधता, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जीपच्या दाराकडे लक्ष ठेव. साहेबांनी दार हलकेच लोटलं तर निरभ्र. आपटलं तर ढगाळ. आणि दार तसंच उघडं टाकून ते चालायला लागले आणि मागून बनसोडे ड्रायव्हर धावत येऊन ते लावतोय असं दिसलं, तर आपण सगळ्यांनी गस्तीला निघायचं."

ही गोष्ट बरीच जुनी. मी तेव्हा महिला पोलीस शिपाई होते. आमचं घर खराडीचं. आज खराडी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती दिसतात. तेव्हा तिथे आमची ज्वारी आणि मेथी होती, आणि आण्णा पहाटे भाजी घेऊन मंडईत जायचे. नोकरी करता करता मी बाहेरून बी.ए.ला बसले होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी जिथे जाईन तिथे सांगते, इथेही सांगणार. कष्टाने मिळवलेलं लपवायचं कशाला?

मामांना माझ्या अभ्यासाची फार गंमत वाटायची.

"काय शिकवतात गं तुला?"

"राज्यशास्त्र."

"म्हणजे?"

"राज्य कसं चालतं ते."

"मग ठाण्यात कुणाला सांगू नकोस. चालतंय ते बंद पडेल."

मामा पेठेत वाढलेले. आजोबा-वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. मामांनी सहाणेचं दगड-चाक सोडलं, पण धार जिभेवर ठेवली. तक्रार घेऊन येणाऱ्यांना तिचा प्रसाद मिळायचा. एकदा एक निवृत्त गृहस्थ आले. वरच्या मजल्यावरच्या कुंडीतलं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर ठिबकत होतं.

मामांनी शांतपणे पेन उघडलं. "अटक कुणाला करू? शेजाऱ्याला की कुंडीला?"

"अहो, मी गंभीरपणे बोलतोय!"

"मीही. कुंडीला जामीन कोण राहणार, तेवढं सांगा."

गृहस्थ चिडले, मग हसले, मग चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी मामा त्या वाटेने जाताना वर गेले आणि कुंडी सरकवून आले. सायकल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन एक कॉलेजचा मुलगा आला, तर त्याला विचारलं, "कुलूप लावलं होतं?" तो म्हणाला, नाही. "मग ती चोरीला नाही गेली बाळा, तू वाटलीस." हेही बोलून झालं आणि सायकल शोधूनही दिली. आणि ठरलेला पाकीटमार आला की त्याला म्हणायचे, "बस रे. तुझ्यामुळे ती खुर्ची झिजली, आता तूच बस."

असं ठाणं मी पुढे पुन्हा पाहिलं नाही. मी नंतर परीक्षा देऊन फौजदार झाले, चार ठिकाणी फिरले. खुर्च्या चांगल्या मिळाल्या, हसू तेवढं मिळालं नाही.

मामांचं एकच कोडं होतं. त्यांचा गणवेश एरवी बघत राहावा असा. पँटच्या इस्त्रीवर काकडी चिरता येईल. बुटात तोंड दिसायचं. पण अधूनमधून हाच माणूस असा यायचा, की वरचं बटण गायब, दाढीची खुंटं वाढलेली, बुटांना चिखल. आणि नेमका त्याच दिवशी सकाळची टपाल-फाईल घेऊन साहेबांसमोर उभा राहायचा. मग केबिनमधून जो आवाज यायचा तो रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जायचा. कधी कधी कसुरी लागायची, म्हणजे चुकीबद्दल लेखी शेरा. आम्ही आपसात म्हणायचो, मामी गेल्या, घरात बघणारं कोणी नाही, खानावळीत जेवणारा एकटा माणूस, व्हायचंच असं.

माझा निकाल लागला. दुसऱ्या वर्गात पास. पदवीदान समारंभाचं पत्र आलं. आई-आण्णांना खराडीहून आणायचं, डगला घालून पदवी घ्यायची, त्यांनी ती बघायची, एवढंच माझ्या मनात होतं. आण्णांनी तर नवं धोतर आणून ठेवलं.

आणि बंदोबस्ताची यादी लागली. समारंभाला कोणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून विद्यापीठाला कडक बंदोबस्त. सगळ्यांच्या रजा बंद. मुख्य गेटवर नाव होतं : महिला पोलीस शिपाई सुनंदा गायकवाड.

म्हणजे मीच.

मी यादीसमोर उभी राहून हसावं की रडावं याचा विचार करत होते. मामा मागून आले, यादी वाचली. "काय झालं बॅरिस्टर?"

मी सांगितलं.

मामांनी यादी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या लग्नात तूच पंगत वाढायची. छान आहे."

"मामा, चेष्टा नको. आण्णांनी धोतर आणलंय."

"नवं?"

"हो."

"मग प्रकरण गंभीर आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आज जाऊ नकोस आत. बनसोडे धावलाय आज दारामागे. उद्या सकाळी अर्ज घेऊन केबिनच्या पडद्यापाशी थांब. मी सांगेन तेव्हा जा. त्याआधी पाऊल टाकू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. मामा माझ्याही आधी आले होते. आवारात गुलाबाचा एक वाफा होता, त्याला नुकतंच पाणी घातलेलं. मी व्हरांड्यातून बघितलं तर मामा त्या वाफ्यात उभे. लखलखीत पॉलिश केलेला उजवा बूट त्यांनी काळजीपूर्वक चिखलात बुडवला. काढून बघितला. समाधान झालं नसावं, कारण पुन्हा बुडवला. मग डावा. मग इकडेतिकडे बघून शर्टाचं वरचं बटण पिरगाळलं, तोडलं आणि खिशात टाकलं.

तेवढ्यात जीप आली. दार उघडंच राहिलं. बनसोडे धावला.

मामा फाईल घेऊन केबिनमध्ये शिरले. मी पडद्यापाशी अर्ज हातात धरून उभी.

"शिकलगार! हे काय आहे?"

"बूट, साहेब."

"मला दिसतंय बूट! हा चिखल कुठल्या शेतातला?"

"आपल्या आवारातलाच, साहेब."

"आणि बटण?"

"तेही आवारातच आहे."

मग जे सुरू झालं ते मी लिहीत नाही. शिस्त आली, खातं आलं, मामांचं वय आलं, साहेबांच्या काळातले हवालदार कसे असायचे ते आलं. मामा मधूनमधून "हो साहेब" म्हणत होते. तेही असं, की साहेबांना आणखी दोन वाक्यं सुचावीत. हळूहळू आवाज उतरला. एक मोठा सुस्कारा ऐकू आला. घंटी वाजली, चहा आत गेला.

मामा बाहेर आले. कान लाल. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "लख्ख ऊन पडलंय. जा."

साहेब बशीत चहा ओतून पीत होते, दमलेल्या माणसासारखे. त्यांनी माझा अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"बी.ए.? ड्युटी करून?"

"हो साहेब."

"वर्ग?"

"दुसरा."

"आमच्या चिरंजीवांना क्लास लावून तिसरा मिळाला." ते थोडं हसले. "आई-वडील येणार?"

"हो साहेब. खराडीहून."

त्यांनी सही केली. मग पेन थांबलं. "पण गेटवर कोण उभं राहणार?" पडद्याकडे बघितलं. "त्या शिकलगारला करतो उभा. टेबलामागे बसून सुस्तावलाय. सुधारेल जरा."

मामांचे गुडघे दुखायचे, टेबल त्यांना म्हणूनच मिळालं होतं. मी बाहेर येऊन त्यांना गाठलं.

"मामा, मी बघितलं मघाशी. वाफ्यात."

"गुलाबांची चौकशी करत होतो."

"मामा."

मामांनी खिशातून बटण काढून टेबलावर ठेवलं, त्याच्याकडे बघत बोलले. "साहेबांना रोज सकाळी एक माणूस लागतो. तो मिळाला की दिवसभर देवमाणूस. आता एखाद्या नव्या पोराला त्यांचं बोलणं लागलं, तर ते आठवडाभर तोंड पाडून फिरतं, घरी जाऊन बायकोशी भांडतं. मला काय होतंय? मी आत उभा राहून रात्री खानावळीत भाजी कुठली असेल याचा विचार करतो. ज्या दिवशी कुणाचं काही अडलेलं असतं, त्या दिवशी आधी मी जाऊन येतो. बस."

"आणि कसुरी? तुमची बढती त्यामुळेच अडली ना?"

"अडली असेल."

"तुम्ही आत्तापर्यंत जमादार झाला असता. खांद्यावर तारा आला असता."

"आला असता." मामांनी सुई-दोरा काढला, त्यांच्या खणात तो कायम असायचा हे मला तेव्हा दिसलं. "पण संध्याकाळी तारा लावून घरी गेल्यावर, अहो, हे आज नवीन काय लावलंय, असं विचारणारं कोणीतरी लागतं ना. नाहीतर तारा काय, आकाशातही आहेत." मग एकदम मान वर करून ओरडले, "अगं, दोरा ओवून दे, नुसती उभी काय राहिलीस? बी.ए.ला शिकवत नाहीत का?"

समारंभाच्या दिवशी मी आई-आण्णांना घेऊन विद्यापीठात गेले. आण्णांचं धोतर कडक, आई इरकलीत. भाड्याचा डगला घातलेला बघून आण्णा म्हणाले, "वकिलासारखी दिसतीयास. पर ह्यो परत द्यायचा हाय व्हय?" मी म्हटलं, हो. "मग जपून बस, चुरगाळंल."

मुख्य गेटवर मामा उन्हात उभे. बुटांत गेटचे खांब दिसत होते. आम्हाला बघून त्यांनी ओळखच दाखवली नाही. काठी आडवी धरली.

"पास?"

मी माझा दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून वाचला, जणू मी कुणी संशयित. मग आण्णांकडे वळले. "आपण कोण?"

आण्णांची आयुष्यात पोलिसांशी गाठ पडलेली नाही. मुलगी पोलीस असली तरी ती मुलगीच. ते चाचरले. "म्या... म्या हिचा बाप हाय."

"मग तुम्हाला पास लागत नाही," मामा म्हणाले आणि खाडकन सलाम ठोकला. "पुढे व्हा."

आण्णांनी घाबरून त्यांनाही सलाम केला. पुढे सभागृहात शिरेपर्यंत ते मागे वळून वळून बघत होते.

पदवी मिळाली. नाव पुकारलं तेव्हा आई उभी राहिली. मागच्यांनी बसा म्हटलं तरी बसली नाही. ते सगळं माझ्याजवळ जपून आहे. ते सांगायला ही जागा नव्हे.

बाहेर आलो तेव्हा गर्दी पांगली होती. मोठे पाहुणे मात्र आत जेवायला थांबले होते, आणि पाहुणे जाईपर्यंत बंदोबस्त उठत नाही. मामा तिथेच होते. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत.

आई म्हणाली, "हे तेच ना गं, तुझ्या जागी उभे राहिलेले?"

"हो."

"जेवले का?"

"बंदोबस्त उठल्यावर जेवतील."

शहरातल्या हॉटेलच्या जेवणावर आईचा विश्वास नव्हता. तिने पिशवीत भाकरी, भरीत आणि गुळाची लापशी बांधून आणली होती, आम्हा तिघांपुरती. ती पिशवी घेऊन ती सरळ गेटकडे निघाली.

"भाऊ, हात धुवा."

"ताई, ड्युटीवर आहे."

"ड्युटीला प्वाट नसतं व्हय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केले, आईने बाटलीतलं पाणी ओतलं. काठी कुठे ठेवावी हे त्यांना कळेना, तेव्हा आण्णांनी ती घेतली. आणि माझे आण्णा, मघाशी याच गेटवर चाचरलेले, पोलिसाची काठी घट्ट धरून, मान ताठ करून, मामांचं जेवण होईपर्यंत विद्यापीठाचं गेट सांभाळत उभे राहिले. एका मोटारवाल्याला त्यांनी हात करून थांबवलंसुद्धा.

मामा उभ्यानेच जेवत होते, तळहातावर भाकरी धरून, वावरात जेवतात तसे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. भरतावर एखादा शेरा, आण्णांच्या बंदोबस्तावर एखादा टोमणा. अख्ख्या पुण्याला उत्तर देणारा माणूस, पण खाली मान घालून सावकाश खात होता.

"आणखी वाढू का भाऊ?" आईने विचारलं.

मामांनी तोंडात घास असल्यासारखं केलं. घास नव्हता.

मग त्यांनी नुसता हात पुढे केला.