चितेगावच्या फाटकावरची नोंद

हॅलेच्या धूमकेतूच्या साली गारखेड्यात आमचं खगोलप्रेमी मंडळ स्थापन झालं. जनतेत वैज्ञानिक दृष्टी रुजवणं हा उद्देश घटनेत नमूद होता. चिटणीसपदासाठी दुसरं कुणी तयार नसल्यामुळे माझी एकमताने निवड झाली. मी आधी एक पत्रक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: ‘नवा धूमकेतू जो प्रथम कळवतो त्याचं नाव त्याला देतात, मग तो कुणीही असो.’ वाक्य बरोबर असल्याची मी तीन पुस्तकांतून खात्री करून घेतली होती. पत्रकं कारखान्यांच्या फाटकांवर वाटली गेली.

पंधरा दिवसांनी चितेगावच्या एका कारखान्याचा पहारेकरी फाटकावरचं रजिस्टर काखेत मारून माझ्याकडे आला.

“साहेब, चार दिवस झाले, एक तारा पळायलाय.”

“ढग असेल,” मी म्हणालो. शंका घेणं हा वैज्ञानिक दृष्टीचा पाया आहे.

“ढग रोज चार-चाळीसला येतो व्हय?” त्याने रजिस्टर उघडलं. मालमोटारींच्या नोंदींखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘वेळ – ४.४०. नाव – सांगत नाही. कुठून – पूर्व. कुणाकडे – माहीत नाही. काम – थांबून आहे.’ शेरा असा: ‘काल तीन ताऱ्यांच्या वर. आज खाली.’ तारे आपापले शेजारी सोडत नाहीत. शेजाऱ्यांमधून जो सरकतो तो तारा नसतो, आणि धूसर असून सरकतो तो बहुधा धूमकेतू असतो. हे मीच पत्रकात लिहिलं होतं. त्याने ते करून पाहिलं होतं, एवढाच फरक.

त्याच रात्री मी शेवटच्या बसने गेलो आणि पहाटेपर्यंत फाटकावर थांबलो. त्याच्या सांगण्याप्रमाणे हनुवटी भिंतीवर टेकवली. चष्मा दोनदा पुसला. चिमणीच्या डावीकडे तो होता.

“आता माझंच नाव ना साहेब? आजवर हजेरीपटाबाहेर कुठं गेलं नाय ते.”

“नियमच आहे,” मी म्हणालो. “पण घाई हवी. तो सूर्याकडे चाललाय आणि जगात इतरही लोक पहाटे उठतात.”

संध्याकाळी तातडीची सभा झाली. आंतरराष्ट्रीय खगोलसंस्थेला पाठवायच्या तारेचा मजकूर मी वाचून दाखवला. पहारेकऱ्याच्या आडनावापाशी आल्यावर अध्यक्ष तात्यासाहेबांनी कप बशीत ठेवला.

“म्हणजे आपल्या त्या… वस्तीतला?”

“विद्यापीठाच्या नावावरून आठ वर्षं गाव धुमसतंय,” उपाध्यक्ष नानासाहेब म्हणाले, “आणि तुम्ही आता आभाळाचं नामांतर काढता?”

“आभाळाला आधी नाव नव्हतं,” मी म्हणालो. बहुधा ऐकू गेलं नसावं.

“गैरसमज नको,” तात्यासाहेब म्हणाले. “धूमकेतूला आपला विरोध नाही. त्या माणसालाही नाही. प्रश्न फक्त नावाचा आहे.”

ठराव क्रमांक सात संमत झाला: शांततेच्या दृष्टीने पहारेकऱ्याचं नाव मंडळाच्या कोणत्याही लेखनात येऊ नये, आणि तार पाठवण्यापूर्वी पोलिसांची ना-हरकत घ्यावी. अर्ज मीच लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं: ‘नामकरणाचा विषय या ठाण्याच्या कक्षेत येत नाही. तथापि मिरवणूक निघणार असल्यास मार्ग व ध्वनिक्षेपकांची संख्या कळवावी.’ नानासाहेबांच्या सूचनेवरून आम्ही मार्ग कळवला: पूर्वेकडून सूर्याकडे. ध्वनिक्षेपक निरंक.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली. जर्मनीतल्या एका दंतवैद्याने नवा धूमकेतू शोधला होता. नाव ‘श्वेर्टफेगर’.

मंडळाने जाहीर व्याख्यान ठेवलं. तात्यासाहेब दीड तासात एकोणीस वेळा श्वेर्टफेगर म्हणाले. एकदाही अडखळले नाहीत. नानासाहेबांच्या नातीने त्या नावाची रांगोळी काढली. शांतता कुठेही भंगली नाही.

पहारेकरी शेवटच्या रांगेत बसला होता. व्याख्यान संपल्यावर त्याने मला रजिस्टर दाखवलं. बाहेर जाणाऱ्यांच्या रकान्यात नवी नोंद होती: ‘उजेडात गेला. नाव – श्वेर्टफेगर.’

“येताना नाव सांगत नव्हता. जाताना कुणाचं तरी घेऊन गेला,” तो म्हणाला. मग खिशातून माझं पत्रक काढलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं. “साहेब, हितं तुमी ‘कुणीही’ लिवलंय. कुणीही म्हंजी नेमकं कोण, तेवढं सांगा.”

“पुढच्या आवृत्तीत खुलासा करू,” मी म्हणालो.

पुढची आवृत्ती निघाली. ते वाक्य जागेअभावी वगळलं.

ठराव क्रमांक सात अद्याप रद्द झालेला नाही, म्हणून ही हकिकतही मी पहारेकऱ्याचं नाव न लिहिता पूर्ण केली आहे. वाचकांची गैरसोय होईल अशी मला फार धास्ती होती. ती अनाठायी ठरली. दंतवैद्याचं नाव तुम्ही एव्हाना बिनचूक म्हणू शकता, आणि पहारेकऱ्याचं विचारायला तुम्ही कुठेही थांबला नाहीत.