एका मताने मंजूर

"सभापती महोदय, गृहपाठ आमच्या भल्यासाठी असेल, तर आमचं भलं चिंतणाऱ्यांनीच तो करावा!"

आठवीच्या वर्गात बाकं दणाणली. सभापती म्हणजे नागरिकशास्त्राचे सर. त्यांनी डस्टर आपटून सभागृह शांत केलं. वर्गात अभिरूप विधानसभा भरवायची कल्पना त्यांचीच, आणि त्यांना नोकरीत कायम व्हायला दोनच महिने उरलेले. विधेयक मांडणाऱ्या मुलीला सगळी शाळा 'वकीलबाई' म्हणायची.

"पण आईबाबा दमून येतात," विरोधी पक्षनेत्याने हरकत घेतली.

"मग आपण काय इथून ताजेतवाने घरी जातो?"

एकोणीस विरुद्ध अठरा. 'गृहपाठ यापुढे पालकांनीच करावा' हे विधेयक मंजूर झालं. खूश होऊन सरांनी त्याचा कागद कारकुनाच्या टेबलावर ठेवला. भिंतीवर लावायला मोठी प्रत काढून हवी, हे मात्र सांगायचं राहिलं.

कारकून नाकासमोर चालणारा माणूस. आलेला कागद टाइप करायचा, मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीला ठेवायचा आणि पुढे धाडायचा. संध्याकाळी सदतीस घरांतल्या फोनवर सही-शिक्क्यासकट परिपत्रक पोचलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई वह्या तपासता तपासता कपाळाला हात लावून बसल्या. "सर, ही अक्षरं बघा! एकाने तर उत्तराखाली 'कळावे, लोभ असावा' लिहिलंय!"

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. दुपारपर्यंत पालकही येऊन थडकले.

"त्या अपूर्णांकांपायी काल आमच्याकडे कोणी कोणाशी बोललं नाही," एक आई म्हणाली. "रद्द करा हो हे!"

"सभागृहाने केलेला कायदा सभागृहच रद्द करू शकतं," सर बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पण पालकांना ते पटलं. सगळे वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

वकीलबाई उठली. "सभापती महोदय, हा कायदा रद्द करावा असा मी ठराव मांडते. माझ्या बाबांना दहापैकी तीन पडलेत, आणि ते माझ्या नावावर लागलेत."

तिचे बाबा खिडकीबाहेर बघू लागले. ठराव एकमताने मंजूर झाला.

मग व्हायचं तेच झालं. मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं. सर माफीपत्र खिशात घालूनच गेले.

"बाई, चूक माझीच. कागद नीट सांगून द्यायला हवा होता."

"परिपत्रकावर सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मी ते वाचलं असतं, तर सही केली असती?"

नोकरी गेल्याचं घरी कसं सांगायचं, याची वाक्यं सर मनात जुळवू लागले. बाईंनी चष्मा पुसला आणि टेबलावरची फुगलेली फाइल त्यांच्यापुढे सरकवली.

"ही घेऊन जा. आजपासून प्रत्येक कागद माझ्या सहीआधी तुमच्या आठवीत जाईल. तिथं निदान वाचून भांडतात तरी!"